३६ व्होल्टच्या सायकलला ४८ची बॅटरी: मोटर सोडून बाकी सगळं तपासा

ई-सायकलचं किट बसवून चार महिने झाले की जवळपास प्रत्येकाच्या डोक्यात हा किडा वळवळतो. मोटर ३६ व्होल्टची आहे, तिला ४८ची बॅटरी दिली तर? किट विकणारा म्हणतो, जळेल. मित्र म्हणतो, काही होत नाही, मी दोन वर्षं चालवतोय. दोघंही अर्धं खरं बोलतात. मोटरला सहसा काही होत नाही. होतं ते तिच्या आजूबाजूच्या मंडळींना: कंट्रोलर (बॅटरीची वीज मोटरला मोजून देणारं सर्किट), चार्जर, दिव्याचा कन्व्हर्टर, आणि ज्या खाचेत चाकाचा आस बसतो ती फ्रेमची खाच. म्हणून या लेखात मोटरबद्दल कमी आणि या मंडळींबद्दल जास्त बोलणार आहे.

मी असं धरून चालतो की तुमच्याकडे साधी सायकल आहे, मागच्या चाकात २५० वॉटची गिअरवाली हब मोटर आहे, कंट्रोलर वेगळ्या डबीत आहे आणि हँडलवर थ्रॉटल (म्हणजे ॲक्सिलरेटर) व छोटा डिस्प्ले आहे. ज्या सायकलींची मोटर पेडलपाशी असते आणि बॅटरी, मोटर, डिस्प्ले एकमेकांची ओळख पटल्याशिवाय चालूच होत नाहीत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. सायकल चालू होणार नाही आणि वॉरंटी जाईल ती वेगळीच.

आधी स्वतःला विचारा: हवंय काय?

व्होल्ट वेग देतात, अँपिअर ओढ देतात. एवढं एक वाक्य पक्कं केलं की निम्मे घोळ मिटतात.

हब मोटर दर व्होल्टमागे ठरावीक फेरे मारते. समजा ३६ व्होल्टवर चाक हवेत धरलं तर मिनिटाला २७० फेरे होतात. २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर, म्हणजे ताशी साडेतेहेतीस किलोमीटर. रस्त्यावर, माणूस बसल्यावर, हाच आकडा २५-२७ वर येतो. तीच मोटर ४८ व्होल्टवर हवेत ३६० फेरे मारते, म्हणजे ताशी जवळपास ४५. रस्त्यावर ३३च्या आसपास.

आता याची किंमत बघा. हवेचा अडथळा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. २५वरून ३३वर गेलात तर वेग वाढला एक तृतीयांश, पण हवेसाठी लागणारी ताकद झाली सव्वादोन पटीहून जास्त. ज्यांना ‘जास्त व्होल्ट म्हणजे जास्त पल्ला’ वाटतं ते इथे फसतात. पल्ला व्होल्टवर ठरत नाही, वॉट-तासांवर ठरतो. ३६ व्होल्ट गुणिले १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॉट-तास, आणि ४८ गुणिले साडेसात म्हणजेही ३६०च. दुसरी बॅटरी घेऊन तुम्ही जोरात हाणलीत तर घरी पेडल मारत याल. नुसता पल्ला हवा असेल तर ३६चीच मोठी बॅटरी घ्या आणि हा लेख इथेच सोडा.

चढासाठी हवी असेल तर गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. कंट्रोलर बॅटरीतून घेण्याचा प्रवाह मर्यादित ठेवतो, समजा १५ अँपिअर. ३६ गुणिले १५ म्हणजे ५४० वॉट, ४८ गुणिले १५ म्हणजे ७२०. कात्रजच्या जुन्या घाटात हा फरक मांड्यांना कळतो. पण सगळीकडे ऐकू येणारं ‘अँपिअर तेच, म्हणून मोटर तेवढीच तापणार’ हे चूक आहे. बॅटरीतून निघणारा प्रवाह आणि मोटरच्या तारांमधून वाहणारा प्रवाह हे दोन वेगळे असतात. चढावर त्याच हळू वेगात एक तृतीयांश जास्त ताकद ओतली की तारांमधला प्रवाहही तेवढाच वाढतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. म्हणजे सुमारे पावणेदोन पट. सपाट रस्त्यावर ४८ व्होल्टला मोटर मजेत असते. घाटात थ्रॉटल पूर्ण दाबून पेडल न मारता बसून राहिलात तर हीच मोटर आतून भाजून निघते.

कायद्याची रेघ कुठे आहे

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातल्या व्याख्येनुसार तीस मिनिटांची क्षमता ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असेल तर ते ‘मोटार वाहन’ धरलं जात नाही. म्हणून आपल्या सायकलला नंबर प्लेट नाही, लायसन्स लागत नाही. ही रेघ ओलांडली की नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागतं, आणि घरी जोडलेल्या सायकलची नोंदणी करून मिळणं जवळपास अशक्य. पोलिसाने अडवलं तर अडवलं, खरी अडचण कुणाला धडक बसली तर होते.

यातून एक वाट आहे, आणि मला तीच सर्वात शहाणपणाची वाटते. बॅटरी ४८ची लावा, पण डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये वेगमर्यादा २५च्या आतच ठेवा आणि प्रवाहाची मर्यादा खाली आणा. मग ४८चा फायदा काय? ३६ची बॅटरी भरलेली असताना ४२ व्होल्ट देते आणि संपत आली की ३२; वेगही त्याच प्रमाणात पडतो, सकाळी २७ असलेली सायकल संध्याकाळी २०वर रांगते. ४८वर मर्यादा लावली तर बॅटरी संपेपर्यंत सायकल एकसारखी पळते. रोज ऑफिसला जाणाऱ्याला याचं मोल कळेल.

बॅटरीवर छापलेला आकडा आणि खरा आकडा

लिथियम-आयन सेल नावाला ३.६ व्होल्टचा, पण पूर्ण भरला की ४.२चा होतो. ३६ची बॅटरी म्हणजे असे दहा सेल ओळीने, भरल्यावर ४२ व्होल्ट. ४८ची म्हणजे तेरा सेल, भरल्यावर ५४.६. चौदा सेलची बॅटरी ५२ व्होल्टची म्हणून विकतात, ती भरल्यावर ५८.८. लिथियम फॉस्फेटचा हिशेब वेगळा: सेल ३.२चा, भरल्यावर ३.६५, सोळा सेलची बॅटरी ५८.४पर्यंत जाते, आणि दुकानदार तिलाही ४८चीच म्हणतो.

तेव्हा तपासताना कायम पूर्ण भरलेला आकडा धरायचा. तुमच्या कंट्रोलरला ४८ सोसायचे नाहीत, ५४.६ सोसायचे आहेत.

एक गंमत लक्षात घ्या: ३६ची काठोकाठ भरलेली बॅटरी आणि ४८ची जवळपास रिकामी बॅटरी, दोन्ही मीटरवर ४२च्या आसपास दिसतात. यातून एक खोडी निघते, ती पुढे सांगतो.

कंट्रोलर: इथेच बहुतेकांचं बिनसतं

माझंही इथेच बिनसलं होतं. डबीवर ३६ लिहिलेलं स्पष्ट दिसत होतं, पण ‘चालतं हो’ असं दोघांनी सांगितलेलं. नवी बॅटरी जोडली, ठिणगी उडाली, दोन सेकंद काहीच झालं नाही, मग फट् आवाज आणि माशाच्या बाजारासारखा वास. उघडून पाहिलं तर मोठ्या कपॅसिटरचं डोकं फुगून फाटलेलं. त्यावर छापलं होतं: ५० व्होल्ट. बॅटरी होती ५४.६ची. गणित पहिलीचं होतं, पण डबी उघडायचा कंटाळा केला.

तर डबी उघडा. बॅटरी काढून ठेवा, पाचेक मिनिटं थांबा, कारण कपॅसिटरमध्ये साठलेली वीज लगेच जात नाही. दोन्ही टोकांच्या पट्ट्यांचे स्क्रू काढले की सर्किट बाहेर सरकतं. बॅटरीच्या जाड लाल-काळ्या तारांजवळ उभा असलेला सर्वात मोठा गोल डबा म्हणजे कपॅसिटर. त्यावर ५० असेल तर विषय संपला, हा कंट्रोलर ४८साठी नाही. ६३ असेल तर ४८ची आणि ५२ची बॅटरी सोसेल, मात्र ५२ला मोकळीक फार थोडी उरते. ‘६० व्होल्ट’ म्हणून मिळणाऱ्या बॅटऱ्या ६७च्या पुढे भरतात, त्यांचा विचारही नको.

कपॅसिटर ६३चा निघाला म्हणून लगेच नाचू नका. ॲल्युमिनियमच्या भिंतीला स्क्रूने आवळलेले काळे चौकोनी मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे स्विच, असतात. त्यांच्यावरचा नंबर मोबाइलवर शोधा, ७५ किंवा ८० व्होल्टचे हवेत. शिवाय स्वस्त कंट्रोलरमध्ये आतल्या सर्किटला लागणारा कमी दाब एका जाडसर रेझिस्टरमधून उतरवतात. व्होल्ट वाढले की हा रेझिस्टर जास्त तापतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी भर रस्त्यात मान टाकतो. कपॅसिटर बदलून ३६चा कंट्रोलर ४८चा करणारे लोक आहेत, सोल्डरिंग येत असेल तर मजा म्हणून करा. रोजच्या सायकलसाठी माझं मत सरळ आहे: ४८चा नवा कंट्रोलर घ्या. बॅटरीच्या खर्चापुढे तो किरकोळ आहे.

घेताना १४-१५ अँपिअरचाच घ्या. ‘साहेब, त्याच पैशात २५ अँपिअरचा देतो’ म्हटलं तरी नको. गिअरवाल्या हबच्या आत नायलॉनचे दाते असतात आणि जास्त अँपिअरने ते सोलून निघतात.

आता ती खोडी. काही कंट्रोलरवर ३६/४८ असं दोन्ही छापलेलं असतं. चालू होताना बॅटरीचे व्होल्ट बघून तो स्वतःच ठरवतो की ही कुठली. तुम्ही अर्ध्या वाटेत, बॅटरी ४१वर आलेली असताना, सायकल बंद करून पुन्हा चालू केलीत तर त्याला वाटतं की ही ३६ची भरलेली बॅटरी आहे. मग तो ४०-४२ला थांबायचं सोडून ३१पर्यंत उपसत राहतो. तेरा सेलमध्ये ३१ म्हणजे एका सेलला २.४ व्होल्ट, सेलचं आयुष्य खाणारी पातळी. तिथवर जाण्याआधी बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतलं रक्षक सर्किट, तोडेल अशी आशा असते. रोजचं काम आशेवर नको. डिस्प्लेमध्ये व्होल्ट हाताने ठरवायची सोय असेल तर ४८ ठेवून द्या.

नवा कंट्रोलर जोडताना मोटरला वीज नेणाऱ्या तीन जाड फेज वायरी पिवळी, हिरवी, निळी असतात आणि पाच बारीक वायरींचा हॉल सेन्सरचा गुच्छ; मोटर कुठवर फिरली ते हा सेन्सर कळवतो. रंगाला रंग जोडूनही चाक अडखळलं किंवा उलटं फिरलं तर घाबरू नका, सगळ्या कारखान्यांचा रंगक्रम एक नसतो. बऱ्याच कंट्रोलरना सेल्फ-लर्निंगच्या दोन वायरी असतात. त्या काही सेकंद जोडल्या की तो मोटरचा क्रम स्वतः शोधतो. कंट्रोलर निवडताना ही सोय आहे का ते विचारा.

बॅटरी आणि चार्जर ही जोडी फोडायची नाही

बॅटरी घेताना दोन आकडे विचारा: किती अँपिअर-तास, आणि बीएमएस सलग किती अँपिअर देऊ शकतो. दुसरा आकडा कंट्रोलरच्या कमाल प्रवाहापेक्षा मोठा हवा. १५चा कंट्रोलर असेल तर २०चा बीएमएस छान. उत्तर देताना विक्रेता घुटमळला तर दुसऱ्या दुकानात जा.

एक जुगाड आपल्याकडे फार चालतो: ३६च्या लिथियम बॅटरीला १२ व्होल्टची लेड-ॲसिड ओळीने जोडून ४८ करायचे. करू नका. दोघींची क्षमता वेगळी, चार्जिंग वेगळं, आणि बीएमएसने मध्येच तोडलं तर त्याच्या मॉस्फेटवर ज्याच्यासाठी ते बनलेलेच नाहीत असा दाब येतो. त्याचप्रमाणे जुनी ३६ची आणि नवी ४८ची शेजारी ठेवून पॅरलल जोडायची कल्पनाही मनातून काढा. मोठी बॅटरी छोटीत धडाधड ओतली जाईल.

मग चार्जर. ३६च्या चार्जरच्या लेबलवर ४२ व्होल्ट असतं, ४८च्या चार्जरवर ५४.६. घोळ असा की दोघांची पिन बहुधा एकच. जुना चार्जर नव्या बॅटरीला लावला तर ती भरणार नाही, नुकसान एवढंच. नवा चार्जर चुकून जुन्या बॅटरीला लावला तर दहा सेलवर ५४.६ व्होल्ट आदळतात आणि मध्ये फक्त बीएमएस उभा असतो. तो बिघडलेला असला तर आग. मार्च २०२२मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ आठवत असेल, तर लिथियमची आग पाण्याच्या बादलीने विझत नाही हेही आठवेल. त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक केले, पण गल्लीत सेल वेल्ड करून पॅक बांधून देणाऱ्याच्या टेबलापर्यंत ते पोहोचलेले नसतात.

म्हणून ज्या दिवशी ४८ची बॅटरी घरात येईल त्या दिवशी तिची चार्जिंगची पिन बदलून वेगळ्या आकाराची बसवा. ते जमत नसेल तर जुना चार्जर जुन्या बॅटरीसकट घराबाहेर काढा. लाल टेप वगैरे लावणं ठीक आहे, पण घरातल्या इतरांना टेपचा अर्थ माहीत नसतो. आणि चार्जिंग जिन्याखाली किंवा दारात नको. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.

छोट्या चिजा

डिस्प्लेच्या मागे २४/३६/४८ लिहिलेलं असेल तर चिंता नाही. नुसतं ३६ असेल तर तो बदला, कारण बॅटरीची पूर्ण वीज त्याच्यापर्यंत जाते. दिवा आणि हॉर्न बॅटरीवर असतील तर मध्ये १२ व्होल्टचा कन्व्हर्टर असतो, त्याची कमाल मर्यादा ६०च्या वर आहे का बघा. थ्रॉटल, ब्रेक कट-ऑफ, पेडल सेन्सर हे सगळे कंट्रोलरच्या ५ व्होल्टवर चालतात, त्यांना हात लावायची गरज नाही.

फ्रेम, आस आणि ब्रेक

मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा आसाला मागे पिरगाळते. मागच्या हबचा आस सहसा १२ मिलिमीटरचा, दोन बाजूंनी १० मिलिमीटरपर्यंत सपाट केलेला. ते दोन सपाट पृष्ठच त्याला खाचेत धरून ठेवतात. ताकद वाढली, त्यात फ्रेम ॲल्युमिनियमची असली, तर खाच हळूहळू रुंदावते आणि एक दिवस आस गर्रकन फिरतो. मोटरच्या वायरी आसातूनच बाहेर येत असल्याने त्या पिळून तुटतात, एकमेकींना चिकटतात, आणि नवा कंट्रोलर जातो. टॉर्क आर्म नावाची जाड पोलादी पट्टी मिळते, ती आसाला पकडून फ्रेमवर आवळली जाते. स्टीलच्या फ्रेमला एक, ॲल्युमिनियमला दोन्ही बाजूंना. पुढच्या चाकात मोटर असेल आणि फोर्क ॲल्युमिनियमचा असेल तर ४८चा नाद सोडलेला बरा. मागचा आस फिरला तर सायकल थांबते, पुढचा निसटला तर तुम्ही तोंडावर पडता.

ब्रेकबद्दल एकच: पावसात, उतारावर, दप्तर-बॅटरीसकट थांबता येतंय का ते ३६वर असतानाच बघून घ्या. नसेल येत तर आधी ब्रेक, मग व्होल्ट.

पहिल्यांदा जोडताना

मल्टिमीटर हवाच. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला साधा मीटर सहज मिळतो. बॅटरीच्या टोकांवर मीटर लावा, लाल-काळं खरंच लाल-काळं आहे का बघा. कनेक्टर सोल्डर करणाऱ्याने उलटं केलेलं मी दोनदा पाहिलंय, आणि उलट जोडणी कंट्रोलर माफ करत नाही.

जोडताना ठिणगी उडते ती कंट्रोलरचे रिकामे कपॅसिटर एकदम भरल्यामुळे. ४८ला ती ३६पेक्षा मोठी असते आणि कनेक्टरच्या पिना खात जाते. ठिणगी उडू न देणारा एक्सटी-९०एस कनेक्टर मिळतो, त्याच्या एका टोकाला हिरवा पट्टा असतो, तो बसवा. नाहीतर डिस्प्ले बंद ठेवून १०० ओहमचा ५-१० वॉटचा रेझिस्टर, ऋण टोकं आधी जोडून, बॅटरी आणि कंट्रोलरच्या धन टोकांमध्ये सेकंदभर टेकवा आणि मग खरी जोडणी करा.

सायकल उलटी करा किंवा चाक अधांतरी टांगा. अपेक्षित वेग आधी कागदावर लिहून ठेवा: ३६वर हवेत जो वेग यायचा, त्याच्या साधारण एक तृतीयांश जास्त. डिस्प्लेमधला चाकाचा आकार बरोबर आहे ना ते बघा. थ्रॉटल हळू दाबा. घरघर, अडखळ, जळका वास आला तर लगेच बॅटरी काढा. वेग अपेक्षेपेक्षा फारच जास्त निघाला तर चाकाचा आकार चुकलाय, आनंद मानू नका.

मग घराजवळच्या सपाट रस्त्यावर दहा मिनिटं. परत येऊन हबला, कंट्रोलरला आणि प्रत्येक कनेक्टरला हात लावा. हब कोमट असणं ठीक. हात ठेववत नसेल तर आतल्या तारा त्याहून कितीतरी जास्त तापलेल्या आहेत, कारण गिअरवाल्या मोटरमध्ये मोटर आणि बाहेरचं कवच यांच्यात हवेची पोकळी असते. एखादा कनेक्टर बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर त्याची पिन सैल आहे. तो आजच बदला.

गिअर नसलेली मोठी हब मोटर असेल आणि तिला ब्रेक लावताना वीज परत बॅटरीत ढकलायची सोय असेल, तर काठोकाठ चार्ज करून लगेच लांब उतारावर जाऊ नका. भरलेल्या बॅटरीत वीज शिरायला जागा नसते, बीएमएस तोडतो, आणि उसळलेले व्होल्ट कंट्रोलरवर जातात. वर घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी ८०-९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सवय लावावी.

पावसाआधी कंट्रोलरमध्ये जाणाऱ्या प्रत्येक वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत न जाता झोळाच्या तळाशी टपकेल. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर आसाचे नट आणि टॉर्क आर्मचा बोल्ट पुन्हा आवळा. पहिल्या आठवड्यात ते हमखास पाव फेरा घेतात.